चाकाची धाव आणि कणेरी मठाचे ग्रामजीवन संग्रहालय

गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत मी गेली १९ वर्षे पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणाऱ्या प्रतिकृतींच्या, कामात आहे. पुणे–बेंगळुरू महामार्गावरून कणेरी मठाकडे वळणारा फाटा माझ्या रोजच्या वाटेवरचा. त्या फाट्यावरून मी हजारो वेळा गेलो असेन, परंतु मठाच्या आवारातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय मी पहिल्यांदा पाहिले ते गेल्या डिसेंबरमध्ये, आणि त्यानंतर आजवर चार वेळा पाहिले. हे परीक्षण त्या चार भेटींवर आधारलेले आहे. पहिल्या भेटीत दुपारी साडेबाराच्या सुमारास माझ्या वडिलांनी एक वाक्य उच्चारले आणि आमच्या घरातली एक जुनी गाठ सुटली. त्या वाक्यापर्यंत येण्याआधी थोडी मागची हकिगत सांगितली पाहिजे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, कागल तालुक्यातल्या एका खेड्यातले सुतार. आज त्यांचे वय ७८ आहे. आई गेल्यानंतर दीड वर्षापूर्वी मी त्यांना कोल्हापुरात माझ्या घरी आणले. माणूस शहरात आला, पण बोलणे गावातच राहिले, अशी त्यांची अवस्था झाली होती. सकाळी चहा, पेपर, दुपारी पडणे, संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसणे. माझी मुलगी सहावीत आहे. तिला खूश करण्यासाठी गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे मिळून एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, उंचावरून खाली झेपावणाऱ्या गाड्या, सगळे होते. आबांसाठी मात्र तिथे काहीच नव्हते. तेवढेच पूर्ण तिकीट काढून आत आलेला तो माणूस चार तास एका बाकावर आमच्या चपला आणि पिशव्या सांभाळत बसला. येताना गाडीत मुलीने विचारले, ‘‘आज्जा, तुम्हाला काय आवडलं?’’ तेव्हा ते म्हणाले, ‘‘झाडं बरी लावल्यात.’’ त्या उत्तराने मला अपराधी वाटले होते, आणि तरीही त्यानंतरचे सहा महिने मी काही केले नाही.

डिसेंबरमध्ये मुलीला शाळेने बारा बलुतेदारांवर प्रकल्प दिला. कणेरीला जायचे कारण इतके साधे होते. आबांना बरोबर घेतले ते घरी एकटे ठेवायला नको म्हणून, हेही प्रांजळपणे सांगतो.

ज्यांनी हे ठिकाण पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. कोल्हापूर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, कागलच्या दिशेने जाताना गोकुळ शिरगावजवळ कणेरी हे गाव आहे. तिथल्या काडसिद्धेश्वर परंपरेच्या मठाने, सध्याचे मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून हे संग्रहालय उभे केले. सुमारे सात एकरांच्या उघड्या जागेवर जुन्या स्वयंपूर्ण खेड्याचे सुमारे ८० देखावे आणि ३०० च्या आसपास पुतळे आहेत. पुतळे सिमेंटचे, माणसाएवढे आणि रंगवलेले. नांगरणी, पेरणी, मळणी, विहिरीवरची मोट, जात्यावर बसलेल्या बाया, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, कोष्टी, तेली, दारी येणारा वासुदेव, गावची पंचायत असे एकामागून एक प्रसंग पायवाटेच्या कडेने उभे आहेत. गांधीजींनी कल्पिलेले स्वावलंबी खेडे ही यामागची प्रेरणा असल्याचे सांगितले जाते.

याला थीम पार्क म्हणावे का, असा प्रश्न वाचकांना पडेल. मी म्हणेन, अवश्य म्हणावे. एक विषय धरून आखलेली जागा आणि त्या विषयात पाहुण्याला चालत फिरवून आणणे, हाच थीम पार्कचा गाभा असतो; पाळणे ही नंतरची गोष्ट. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली उघडले, पण त्याच्या कितीतरी आधी, १८९१ साली, स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे स्कान्सेन हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले होते. कारखान्यांच्या युगात खेड्यातली घरे आणि कामे नाहीशी होत आहेत हे पाहून ती एका टेकडीवर पुन्हा मांडण्यात आली होती. कणेरीचे संग्रहालय त्या घराण्यातले आहे. आपल्याकडे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचा अप्रतिम संग्रह आहे, मला तो फार प्रिय आहे. परंतु तिथे अडकित्ता काचेमागे असतो. कणेरीत वस्तू माणसाच्या हातात असते आणि तो माणूस काम करीत असतो. या फरकाचे मोल मला आबांच्या शेजारी चालताना कळले.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे आबा काही बोलले नाहीत. हात पाठीमागे बांधून ते प्रत्येक देखाव्यापुढे थांबत, पुतळ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या हाताकडे आणि पायांकडे पाहत आणि पुढे जात. शिल्पकारांच्या कामाबद्दल माझे मत इथेच नोंदवतो. अंगकाठी, बसण्याची ढब, ओणवे झालेल्या पाठीचा ताण या गोष्टी ज्यांनी घडवल्या त्यांनी कष्टाची माणसे जवळून पाहिलेली आहेत. उकिडवे बसलेल्या माणसाचे वजन टाचेवर कसे येते हे पुस्तकात वाचून घडवता येत नाही. रंग काही ठिकाणी मला अंमळ भडक वाटतो, परंतु उन्हापावसात उघड्यावर असणाऱ्या सिमेंटला दुसरा इलाज नसावा.

मोटेच्या विहिरीपाशी मुलगी रेंगाळली. कातडी मोट, तिला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेली बारीक दोरी आणि उताराने चालणारे बैल हे तिने आधी कधी पाहिले नव्हते. आबांनी तिथे प्रथम तोंड उघडले. बैल ज्या उतरत्या वाटेने चालत जातात तिला धाव म्हणतात, एवढेच त्यांनी सांगितले. मुलीने वहीत ‘धाव’ लिहून घेतले. पुढे सुतार आणि लोहाराच्या देखाव्यांपर्यंत आलो तेव्हा आबांनी बैलगाडीच्या चाकाचे भाग सांगायला सुरुवात केली. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेल्या पाट्या, आणि सगळ्यांवरून लोखंडी धाव. मुलगी म्हणाली, ‘‘आज्जा, धाव तर मघाशी विहिरीपाशी झाली.’’ ती रास्त शंका होती. मराठीत हा शब्द दोन्ही ठिकाणी आहे. बैलांची वाट तीही धाव आणि चाकावरची लोखंडी पट्टी तीही धाव. मग तिने दुसरी शंका काढली, आणि तीही रास्तच होती. ती पट्टी खिळ्यांनी ठोकलेली नसेल तर खडकाळ रस्त्यावर चाकावरून निसटत कशी नाही?

तेव्हा आबा म्हणाले, ‘‘धाव चाकापरास ल्हान धरायची असती, बाळ. भट्टीत लाल झाली की लोखंड फुलतं, मग ती चाकावर बसती. वरनं पाणी मारायचं. निवली की अशी आवळती, की आरं तुंब्यात आन् पाट्यात आपसूक घट्ट बसत्यात. खिळा कशाला लागतोय?’’

तोवर एका शाळेची सहल आमच्या मागे येऊन थांबली होती. त्या मुलांबरोबरच्या बाईंनी आबांना विनंती केली, ‘‘आजोबा, पुन्हा एकदा सांगाल का?’’ आणि ज्या माणसाने माझ्या घरात दीड वर्षात सलग दहा वाक्ये बोललेली मला आठवत नव्हती, त्याने चाळीस मुलांना चाक कसे घडते हे अर्धा तास सांगितले. बाभळीचेच लाकूड का, तर ते चिवट असते आणि हादरा सोसते. ते तोडल्यावर लगेच का वापरायचे नाही, तर ओले लाकूड वाळताना आटते आणि सांधे ढिले पडतात. पाट्या सहा आणि आरे बारा, म्हणजे एका पाटीला दोन आरे. आरा तुंब्यात ठोकताना कान लावून ऐकायचे; बसला की आवाज बदलतो. लोहाराच्या भट्टीजवळ चार माणसे सांडशी घेऊन उभी राहायची, कारण धाव लाल असेपर्यंत वेळ असतो आणि तो फार थोडा असतो. लाकडाने पेट घ्यायच्या आत पाणी पडले पाहिजे.

मी बाजूला उभा होतो. मला जे वाटले ते समजण्यासाठी माझ्या कामाविषयी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. फौंड्रीत कोणतेही ओतकाम करण्याआधी त्या भागाची प्रतिकृती लागते. तिला आम्ही पॅटर्न म्हणतो. पॅटर्न वाळूत दाबून साचा तयार होतो आणि त्या साच्यात वितळलेले लोखंड ओतले जाते. हे लोखंड निवताना आकसते. म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा जाणूनबुजून मोठे करावे लागते. बिडासाठी, म्हणजे ओतीव लोखंडासाठी, साधारणपणे मीटरला १० मिलिमीटर, पोलादासाठी त्याच्या जवळजवळ दुप्पट. याला आम्ही श्रिंकेज म्हणतो. पॉलिटेक्निकमध्ये हा धडा मला परीक्षेला होता आणि त्यावर मी चांगले गुण मिळवले होते. गेली १९ वर्षे संगणकावर प्रत्येक पॅटर्नचे माप घेताना पहिला आकडा मी तोच भरतो. तापले की फुलते आणि निवले की आवळते, या एका गोष्टीवर माझे घर चालते. तीच गोष्ट माझ्या वडिलांच्या हातात माझ्या जन्माच्या आधीपासून होती, आणि मी त्यांना त्याबद्दल कधी एक शब्दही विचारला नव्हता.

विचारला नव्हता याचे कारण लाज हे होते. पॉलिटेक्निकला प्रवेश घेताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी ‘शेती’ असे लिहिले. आमची शेती होती पाऊण एकर. लग्न ठरताना, नोकरीत, शेजारात मी तेच सांगत आलो. आबांनी मला कधी टोकले नाही. सत्तरच्या दशकानंतर आमच्या भागात ऊस वाढला, साखर कारखान्याच्या वाहतुकीला टायरच्या गाड्या आल्या, लाकडी चाक मागे पडले. नांगर, कुळव आणि कुरी करून घेणारेही हळूहळू ट्रॅक्टरकडे वळले. पुढे आबांनी दारे-खिडक्या केल्या, घरांवर कौले चढवण्यासाठी वासे बसवले, शेवटी शेवटी उदबत्तीच्या दुकानाची फळकुटेसुद्धा ठोकली. त्यांची हत्यारे एका पोत्यात भरून मी गावाकडून आणली होती आणि आमच्या जिन्याखाली ठेवली होती. कणेरीला गेलो त्याच्या पुढच्या आठवड्यात भंगारवाला ते पोते नेणार होता. भाव ठरला होता.

ते पोते गेले नाही. त्याच रात्री आबांनी ते जिन्याखालून ओढून बाहेर काढायला लावले आणि जमिनीवर धोतर पसरून त्यावर एकेक हत्यार मांडले. वाकस, पटाशा, रंधा, गिरमिट, सामता, गुण्या, खतावणी, करवतीची दोन पाती. वाकसाचा दांडा त्यांच्या वडिलांनी बसवलेला होता. मुलीने प्रत्येकाचे चित्र काढून नाव लिहिले आणि तिचा प्रकल्प बलुतेदारांचा न राहता एका सुताराचा झाला. बाईंनी त्याबद्दल तिला काही बोल लावला नाही.

त्या दिवसापासून आमचा रविवार बदलला. जानेवारीपासून गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघे एक चाक करतो आहोत. बाभळीचे वाळलेले लाकूड कागलच्या एका वखारीत मिळाले. मी पॅटर्नवाला म्हणजे सुतारकामाच्या नात्यातलाच. लाकडी पॅटर्न हे मुळात सुतारकामच, आणि आमच्या उद्यमनगरात ऑईल इंजिने बनू लागली त्या पिढीत सुताराचा हात कारखान्यात किती उपयोगी पडला हे आमच्याकडचे जुने मिस्त्री आजही सांगतात. तरीही वाकस धरायला शिकताना माझे दोन महिने गेले. सागवान आणि रेझिनच्या पाट्या कापणाऱ्या माझ्या हाताला बाभळीचा चिवटपणा नवा होता. आबा रागावतात, हातातून हत्यार काढून घेतात, पुन्हा देतात. ‘‘लाकडाला इच्यारून तास,’’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. रक्तदाबाची गोळी त्यांना चालूच आहे, गुडघेही दुखतातच. पण सकाळी सातला ते माझ्या आधी गच्चीवर असतात आणि जेवताना बोलतात. कामावरही फरक पडला. नव्याने येणाऱ्या मुलांना मी आता श्रिंकेज शिकवताना आधी चाकाची गोष्ट सांगतो आणि ती माझ्या वडिलांची आहे हेही सांगतो.

आता संग्रहालयाबद्दल एक गंभीर गोष्ट, जी दुसऱ्या भेटीत आबांनीच माझ्या लक्षात आणून दिली. कणेरीतले गाव सलोख्याचे आहे. प्रत्येक जण आपल्या कामात मग्न आहे आणि सगळ्यांची कामे एकमेकांत गुंफलेली आहेत. ते दृश्य खोटे नाही, कारण सुताराशिवाय शेतकऱ्याचे औत अडत होते आणि शेतकऱ्याशिवाय सुताराची चूल. परंतु पुतळ्यांना जे दाखवता येत नाही ते पाहणाऱ्याने बरोबर न्यावे लागते. आबा म्हणाले, ‘‘कामं खरी हैत. पर बलुतं मागायला खळ्यावर कसं उभं ऱ्हायला लागायचं, ते पुतळ्यात कसं दिसंल?’’ सुगीत मळणी सुरू झाली की बलुतेदाराने खळ्यावर जायचे. वर्षभराच्या कामाच्या बदल्यात पेंढ्या आणि धान्य मिळायचे, पण किती मिळायचे हे देणाऱ्याच्या मनावर असायचे. सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला, तरी त्याची ही कथा. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांचे हाल याहून कितीतरी वेगळे आणि भयानक होते.

हे कोल्हापुरात तरी विसरता कामा नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या, १९१७ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले, आणि १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने, म्हणजे चाकरीच्या अटीऐवजी सारा भरून कसायला, दिल्या. जन्माने काम ठरवणारी व्यवस्था माणसाला कशी जखडून ठेवते हे त्यांनी पाहिले होते. माझ्या आजोबांना अक्षर येत नव्हते, आबा चौथीपर्यंत शिकले आणि मी पदविका घेतली, या पायऱ्या त्या निर्णयांशिवाय चढता आल्या नसत्या. म्हणून माझे ठाम मत असे आहे की मुलांना कणेरी दाखवावे, पण मुकाट्याने दाखवू नये. कुंभाराच्या चाकापुढे थांबून त्याचे कौशल्यही सांगावे आणि कुंभाराच्या मुलाला दुसरे काही होण्याची मुभा होती का, हेही सांगावे. मी स्वतः या दोन गोष्टी वेगळ्या करायला चाळीस वर्षे घेतली. बलुत्याच्या लाजेबरोबर मी बापाचे कसबही टाकून दिले होते. लाज व्यवस्थेची होती, कसब आमचे होते.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात लिहितो. प्राचीन ऋषी आणि शास्त्रज्ञांच्या मूर्तींचा एक भाग आहे. तो भव्य आहे आणि मुलांना आवडतो, परंतु माझ्या मते या जागेचा जीव शेतात आणि कारागिरांच्या अंगणात आहे. वेळ कमी असेल तर तोच भाग निवांत पाहावा. वासुदेवापुढे आमची मुलगी बराच वेळ उभी होती, कारण मोरपिसांची टोपी तिने फक्त चित्रात पाहिली होती. लहान मुलांना प्रत्येक पुतळ्यापुढे उभे करून छायाचित्रे काढण्याची घाई करणारे पालक पाहिले की वाईट वाटते. एका देखाव्यापुढे पाच मिनिटे थांबले तर मूल स्वतःच प्रश्न विचारते, आणि त्या प्रश्नासाठीच तर इथे यायचे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. सगळा फेरफटका उघड्यावर असल्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात जायचेच असेल तर सकाळी लवकर. निदान तीन तास हाताशी ठेवावेत. चालणे बरेच आहे, तेव्हा वयस्कर माणसांना घाई करू नये, पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी बरोबर असावी. शक्य असेल तर रविवार टाळून मधल्या वारी जावे, म्हणजे देखाव्यांपुढे थांबायला मोकळीक मिळते. आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी की, घरातल्या एखाद्या आजोबा-आजीला, गल्लीतल्या म्हाताऱ्या परटाला, निवृत्त झालेल्या कोष्ट्याला, जात्यावर दळलेल्या मावशींना बरोबर न्यावे आणि आपण गप्प राहावे. तिथल्या फलकांवर जेवढे लिहिले आहे त्याच्या शंभरपट त्यांच्या तोंडून ऐकायला मिळेल. माझ्या तिसऱ्या भेटीत मी शेजारच्या काकूंना नेले होते. मोटेच्या गाण्यांपैकी त्यांना पाच-सहा कडवी पाठ आहेत, हे त्यांच्या सुनेलाही तोवर माहीत नव्हते.

चौथी भेट गेल्या महिन्यात झाली आणि ती केवळ आबांच्या हट्टापायी. चाक जवळजवळ पुरे झाले आहे. तुंबा, आरे आणि पाट्या बसल्या, आता धाव चढवायची राहिली. ती चाकापेक्षा किती लहान धरायची यावर आमच्यात वाद होता. आबा म्हणत होते, परिघात दीड अंगूळ. मी कागदावर हिशेब केला. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ३.८ मीटर भरतो. लोखंड दर मीटरला दर अंशामागे सुमारे १२ मायक्रॉन वाढते. भट्टीत ते ७०० अंशांनी तापले असे धरले तर धाव सुमारे ३२ मिलिमीटर फुलेल. दीड अंगूळ म्हणजे २८ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे लाल धाव चाकावर सहज चढायला चारएक मिलिमीटरची जागा राहते आणि निवल्यावर पुरेसा आवळ बसतो. त्याहून जास्त लहान धरली तर आरे वाकतील, हे आबांचे म्हणणे आणि माझा हिशेब यांत काही अंतर उरले नाही. मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘मग एवढं लिवायला लागतंय व्हय रं?’’

कणेरीला त्यांना पुन्हा जायचे होते ते लोहाराच्या भट्टीची मांडणी नीट पाहण्यासाठी. गच्चीवर भट्टी लावता येणार नाही आणि आमच्या गावातला भाता केव्हाच बंद पडला. देखाव्यापुढे उभे राहून त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने भट्टीचा आराखडा काढला. बेंदराच्या आधी गावातल्या पटांगणात तशी भट्टी लावायची, चार माणसे आणि चार सांडशा जमवायच्या असे ठरले आहे. निढोरीकडच्या एका लोहारकाकांनी येतो म्हणून सांगितले आहे. पाण्याच्या बादल्या मुलीने धरायच्या आहेत.